चौथा ठोका

कल्पना करा, तुम्ही बैलगाडीत बसला आहात. मोर्शीकडचं एक शेत, आणि त्याच्या बांधाला लागून गेलेली पांदण. दोन शेतांमधल्या गाडीवाटेला आपल्याकडे पांदण म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. काळी माती भिजून लोण्यासारखी झाली आहे. गाडीचं डावं चाक रुततं. बैल जोर लावतात. धाड! चाक निघत नाही. पुन्हा धाड! पुन्हा धाड! आणि मग बैल थांबतात.

शहाणा गाडीवान अशा वेळी चाबूक उचलत नाही. बैल श्वास घेत आहेत, हे त्याला कळतं. तुम्हीही श्वास धरा. काही हलत नाही, काही वाजत नाही. आणि मग चौथा हिसका. धाड! चाक बाहेर.

हे तीन ठोके, हा थांबा आणि हा चौथा ठोका मनात ठेवा. रागिणीच्या आजोबांनी, म्हणजे भगवंत आबाजींनी, ते सगळं चाळीस वर्षांपूर्वी एका गाण्यात घातलं होतं.

गाण्याचं नाव ‘पांदण’. लांबी एकवीस मिनिटं. हसू नका. रॉक संगीताची एक जात आहे, तिला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. त्यात गाणं एखाद्या प्रवासासारखं असतं; ठेका बदलतो, सूर बदलतात, मधेच सगळं शांत होतं आणि पुन्हा उसळतं. अमरावतीच्या कॉलेजात शिकणाऱ्या चौघांना त्या संगीताचं वेड लागलं. धर्मेंद्र गिटार वाजवायचा. योगेश अकोल्याचा, तो बेस गिटार वाजवायचा आणि गायचा. शकुन कीबोर्डवर असायची. भगवंत मोर्शीच्या संत्राबागेतला; तो ड्रम वाजवायचा. बँडचं नाव त्यांनी ठेवलं ‘निळा डवरा’. डवरा म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढायचं औत; तो शेतात चालतो आणि कधी निळा नसतो, म्हणून.

असे बँड फार भांडतात. हाही भांडला. आधी धर्मेंद्र आणि योगेश बोलेनासे झाले, मग शकुन सोडून गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी एका नावाचे दोन बँड झाले, एक अमरावतीचा ‘निळा डवरा’ आणि एक अकोल्याचा. नवे लोक येत गेले, जात गेले. फक्त ड्रमवाला दोन्हीकडे एकच होता. भगवंत आबाजी पायाने वाजवायचं पेडल पिशवीत घालून एसटीने अकोल्याला जात आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीत वाजवत. अमरावतीवाले म्हणत, हा तिकडचा हेर. अकोल्यावाले म्हणत, हा अमरावतीचा हेर. आबाजी दोघांचंही ऐकून घेत आणि वाजवत.

भांडणात एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाळली. चौघं एकत्र नसतील तर ‘पांदण’ कोणी वाजवायचं नाही. तीस वर्षांवर ते गाणं कोणी वाजवलं नाही. उरली होती धर्मेंद्रकडची एकच कॅसेट. काही वर्षांपूर्वी ती कोणीतरी इंटरनेटवर चढवली आणि कुठल्या कुठल्या गावची पोरं ते गाणं ऐकू लागली.

मग यंदा धर्मेंद्र आणि योगेश यांच्यात समेट झाला. बँडला चाळीस वर्षं झाली म्हणून अकोल्यात मोठा कार्यक्रम करायचा, आणि ‘पांदण’ वाजवायचं.

तालमी अमरावतीत, राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत होत. रविवारी सकाळी बाक भिंतीला सरकवायचे, फळ्यावरची रसायनशास्त्राची सूत्रं तशीच ठेवायची आणि वाजवायचं. बारा वर्षांची रागिणी आबाजींकडे ड्रम शिकत होती. एका बाकावर बसून ती सगळं पाही.

पहिल्याच तालमीत गाणं अकराव्या मिनिटाला कोसळलं. धाड, धाड, धाड झालं. आबाजींनी काठ्या वर धरल्या आणि ते थांबले. बाकीचे तिघं सुसाट पुढे निघून गेले.

"भगवंता, झोपला काय बे?" धर्मेंद्र म्हणाला.

"मी थांबून राहिलो."

"कोणासाठी? मोर्शीच्या एसटीसाठी?"

योगेश मोठ्यांदा हसला. आबाजीही हसले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच कोसळलं. तिसऱ्यांदाही.

"थांबाच हाये तिथं," आबाजी म्हणाले. "तीन ठोके, थांबा, मंग चौथा. मीच तं बसवलं."

योगेशने मोबाइल काढून ते जुनं रेकॉर्डिंग लावलं. सगळे ऐकू लागले. धाड, धाड, धाड, आणि लगेच गिटार. थांबा नव्हता. चौथा ठोकाही नव्हता.

"ऐकलं?" धर्मेंद्र म्हणाला. "लोकं मरतात या उडीवर. श्वास घ्यायले जागा नाई, असं लिहितात. अन् तू तिथं बसून ऱ्हायतो."

आबाजी स्वतःचं वाजवणं कधी ऐकत नसत. त्या दिवशी त्यांनी ते दोनदा ऐकलं. त्यांचा चेहरा रागिणीने नीट पाहिला. मार खाल्लेल्या माणसाचा असतो तसा नव्हता तो. खिशातली किल्ली हरवलेल्या माणसाचा होता. शकुन आजी कीबोर्डच्या पट्ट्यांकडे पाहत राहिल्या.

पुढचे दोन रविवार आबाजींनी उडी मारायचा प्रयत्न केला. हात ऐकेना. तिसऱ्या ठोक्यानंतर काठ्या आपोआप वर जात आणि तिथेच राहत.

चौथ्या रविवारी खोलीत एक नवा मुलगा होता. शिवम, अकोल्याचा, चोवीस वर्षांचा. इंटरनेटवरून ऐकून ऐकून त्याने सगळं ‘पांदण’ पाठ केलं होतं.

"हे पाय भगवंता," योगेश म्हणाला, "वय कोणाले चुकलं नाई. तू पाहुणा म्हणून ये. पहिल्या रांगेत बस. शाल-नारळ देऊ, सत्कार करू."

"तुहाच बँड हाये तो," धर्मेंद्र म्हणाला. "आमी दोघांनी ठरवलं."

तीस वर्षांवर ही दोन माणसं एकमेकांशी बोलली नव्हती. समेट झाल्यावर त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते झालं आबाजींना काढण्यावर!

"त्यायच्याशिवाय गाणं कसं होईन?" रागिणी बाकावरून ओरडली.

"हे पोट्टी लय बोलते," धर्मेंद्र म्हणाला.

"बोलीनच!"

आबाजींनी तिचा हात धरला, पेडल पिशवीत घातलं आणि जिना उतरले. मागे शिवम काहीतरी बोलायला उठला होता. रागिणीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत बसला.

आता खरी वाईट गोष्ट सांगतो. बँडमधून काढलं, हे आबाजींनी सोसलं असतं. पण आपलं डोकं आपल्याला फसवतंय, हे त्यांना सोसेना. ते दवाखान्यात गेले. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, काही नाही. तरी घरात चिठ्ठ्या दिसू लागल्या. शेगडीवर चिठ्ठी, गॅस बंद केला. दारावर चिठ्ठी, कुलूप पाहिलं. चाळीस वर्षं संत्र्याचा धंदा केलेला माणूस, बाजारात शेकड्याचा हिशोब तोंडी सांगणारा, तो आता पाच फळं दोनदा मोजू लागला.

"मले आठवते ना तो थांबा!" माणिकबाई आजी चिडून म्हणाली. "लग्नाच्या आधी पायलं मी. सगळ्या हॉलनं श्वास धरला होता. मी तं म्हटलं, या माणसाले काही झालं काय!"

"तू माही बायको हायेस. तुही साक्ष कोण धरीन?" आबाजी म्हणाले.

"आबाजी, किती थांबायचे तुमी?" रागिणीने विचारलं.

"माहे बाबा बागेत संत्री मोजत ना, तसं. पाच फळं उचलायची, टोपलीत टाकायची, आकडा म्हणायचा. पहिल्याले एक नाई म्हणत. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार, पाच. तितलं थांबायचं. मंग ठोका." त्यांनी गुडघ्यावर एक बोट आपटलं. "का हे बी मीच बनवलं असन मनानं, कोण जाणे."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि रागिणी उठून आत गेली. तिने हेडफोन लावले आणि ते अकरावं मिनिट ऐकलं. पुन्हा ऐकलं. राग आल्यावर माणसाला नीट ऐकू येत नाही असं म्हणतात. रागिणीला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त ऐकू येत होतं. विसाव्या खेपेला तिला ते सापडलं.

ड्रमबरोबर पितळेची मोठी गोल थाळी असते, सिम्बल. तिच्यावर काठी मारली की ती बराच वेळ घुमत राहते आणि हळूहळू विरते. तुमच्या घरी पितळेचं ताट असेल तर मारून पाहा. ते थांबवायचं असेल तर हाताने धरावं लागतं. तिसऱ्या ठोक्याला आबाजींनी थाळी वाजवली होती, आणि तिचा आवाज सुरीने कापावा तसा तुटला होता. विरला नव्हता, तुटला होता. हाताने धरली म्हणावं, तर पुढच्याच क्षणी दोन्ही हातांच्या काठ्या वाजत होत्या. तिसरा हात कुठून आणणार?

तिने आबाजींना काही सांगितलं नाही. तिला कॅसेट पाहायची होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळे अकोल्याला गेले. हॉल एका मंगल कार्यालयाचा होता. लोखंडी खुर्च्या, स्टेजला निळा पडदा. दाराशी टेबल मांडून जुने फोटो ठेवले होते आणि मधोमध, लाल कापडावर, ती कॅसेट. दुपारी स्टेजवर माइक तपासणं चाललं होतं. रागिणीने कॅसेट उचलली, पेन्सिल तिच्या भोकात घातली आणि टेबलाखाली बसून फीत गुंडाळू लागली.

"अर्ध्याच्या जरा अलीकडे असन," वरून आवाज आला. शिवम वाकून पाहत होता.

"तुले कोणी विचारलं?"

"कोणी नाई. पण मलेबी ती थाळी खटकते. मले वाटलं, मशीन खराब असन." तो खाली बसला. "हळू फिरव. तुटून जाईन."

तिने हळू फिरवलं. तपकिरी फीत कॅसेटच्या तोंडासमोरून सरकत राहिली. आणि एका जागी ती पिवळी झाली. नखाएवढा चिकटपट्टीचा तुकडा, जुना, कडक झालेला. फीत कापून जोडली होती.

रागिणी उठली आणि धावत स्टेजवर गेली. "हे काय हाये?" तिने कॅसेट धर्मेंद्रच्या नाकासमोर धरली. "हे कोणी कापलं?"

योगेशने चष्मा लावून पाहिलं. "धरम्या? जोड हाये ना बे इथं?"

धर्मेंद्रने कॅसेट हातात घेतली नाही. "टेप अडकली होती मशीनमध्ये," तो म्हणाला. "त्र्याण्णव साली. चुरगळलेली फीत कापली मी. काय, दीड वीत असन."

"दीड वीत!" योगेश ओरडला. "अन् इतकी वर्षं बोलला नाई?"

"त्यात काय होतं, ते मले काय मालूम! कापली, जोडली, वाजली. मंग लोकायले तेच आवडलं."

"मालूम होतं तुले," आबाजी म्हणाले. ते खाली, दाराशी, पेडल-काठ्यांची पिशवी घेऊन उभे होते. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण माइकवाला सुद्धा थांबला. "राजापेठेत मी थांबा म्हटलं तवा तुहं तोंड पायलं मी. तुले तवाच आठवलं होतं."

धर्मेंद्र गिटारच्या खुंट्या पिळू लागला.

"माह्या डोक्याचा फोटो काढला बे मी! घरात चिठ्ठ्या लावून राहिलो! फळं दोनदा मोजून राहिलो! अन् तुह्या खिशात जोड होता?"

"भगवंत," शकुन आजी कीबोर्डमागून म्हणाल्या. "मलेबी आठवत होता तो थांबा. पण हे दोघं एक झाले होते पहिल्यांदाच. मले वाटलं, आता पुन्हा मोडायले नको."

"मंग मले मोडलं," आबाजी म्हणाले.

यानंतर तुम्हाला वाटेल, सगळ्यांनी माफी मागितली असेल. नाही. योगेश धर्मेंद्रवर तुटून पडला, धर्मेंद्रने त्याला अठ्ठ्याण्णव सालचं काहीतरी ऐकवलं, त्याने दोन हजार चारचं. दहा मिनिटं ते दोघं भांडले आणि आबाजी तिथे उभे आहेत हे दोघंही विसरले. मग दारातून लोक आत येऊ लागले. तेव्हा त्या दोघांचं दुसऱ्यांदा एकमत झालं.

"आता हॉल भरून राहिला," धर्मेंद्र म्हणाला. "लोकं कॅसेटवालं गाणं ऐकायले आले. पोट्टा तयार हाये. जसं हाये तसं होऊ दे. पुढच्या वेळी थांबा घेऊ."

"आपलं वय पाय आणि पुढची वेळ पाय," आबाजी म्हणाले. "आण ते कॅसेट इकडे, पोरी. चाल घरी."

पण ते घरी गेले नाहीत. दारापर्यंत गेले आणि वळले. "गाणं माहं हाये," ते म्हणाले. "ऐकून तं जाऊ." आणि रागिणीला घेऊन दुसऱ्या रांगेत बसले. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली. शेजारची खुर्चीही रिकामी होती, कारण प्रमुख पाहुणे दिवा लावून निघून गेले होते.

सुरू व्हायच्या आधी शिवम खुर्च्यांच्या रांगेतून वाकत रागिणीजवळ आला. "किती थांबायचे ते?"

"तुले काय करायचं?" ती फणकारली. "तुले उडी मारायची ना?"

"सांग ना व बाई."

रागिणी त्याच्याकडे पाहत राहिली. इतके दिवस ती ज्या माणसाचा राग करत होती, त्या एकट्यानेच हे विचारलं होतं. "लाभपासून पाचपर्यंत," ती म्हणाली. "संत्री मोजतात तसं. घाई नाई करायची."

सत्कारासाठी आबाजींचं नाव पुकारलं गेलं. ते उठले नाहीत. निवेदकाने टाळ्या वाजवून वेळ मारून नेली आणि शाल टेबलावर पडून राहिली.

मग ‘पांदण’ सुरू झालं. सहा वाजून गेले होते, हॉल गच्च होता, पोरं भिंतीला टेकून उभी होती. गाणं चांगलं चाललं होतं, हे कबूल करायला हवं. आबाजींची बोटं गुडघ्यावर चालत होती. दहावं मिनिट गेलं.

धाड! धाड! धाड!

शिवमने दोन्ही काठ्या वर धरल्या आणि तो थांबला.

गिटार पुढे धावली, बेस तिच्यामागे धावला, आणि दोघंही मोकळ्या जागेत पाय पडावा तसे अडखळून बंद पडले. शकुन आजींनी मात्र हात पट्ट्यांवरून आधीच उचलले होते. थाळी घुमत होती, हळूहळू विरत होती. तीस वर्षांनी तिला विरायला जागा मिळाली होती.

धर्मेंद्रने शिवमकडे डोळे वटारले. शिवमच्या काठ्या वरच होत्या. मागच्या रांगांत कोणीतरी हसलं. धर्मेंद्र माइककडे वाकला.

"माफ करा मंडळी," तो म्हणाला. "पोट्टा विसरला."

विसरला! आबाजींची बोटं गुडघ्यावर थांबली. रागिणीने ते पाहिलं.

ती खुर्चीवर चढून उभी राहिली.

"लाभ!" ती ओरडली.

सगळा हॉल वळला. "पोरीले बसवा," योगेश माइकमध्ये म्हणाला. तिने तिकडे पाहिलं नाही. तिच्या अंगात इतका राग होता की आकडे धावत सुटले असते, पण तिने ते धावू दिले नाहीत. दोन्ही हातांनी पाच फळं उचलावीत आणि टोपलीत टाकावीत, तेवढा वेळ तिने प्रत्येकाला दिला.

"दोन."

शिवम तिच्याकडे पाहत होता.

"तीन."

भिंतीला टेकलेली पोरं सरळ झाली.

"चार."

कोणी खोकलंही नाही.

"पाच."

रागिणीने पिशवीतून आबाजींची काठी काढली आणि पुढच्या रांगेतल्या त्यांच्या रिकाम्या लोखंडी खुर्चीच्या पाठीवर, सगळ्या ताकदीने, चौथा ठोका हाणला.